ऑगस्टमधली बोट

“बाबा, आजपासून हे काम तुमचं,” असं म्हणत निशीनं माझ्या चहाच्या कपाशेजारी एक रंगीत पुस्तिका ठेवली. वर एका लांबुळक्या बोटीचं चित्र होतं आणि बोटीच्या टपावर फुलांच्या कुंड्या.

“हे काय?”

“कालव्यातली बोट. भाड्यानं मिळते. आपणच चालवायची, आतच झोपायचं, आतच स्वयंपाक. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आपण तिघं जाऊ. सात दिवस. निघायचं कुठून, थांबायचं कुठं, बघायचं काय, सगळं तुम्ही ठरवायचं.”

“मी ठरवू? मला इथलं काय कळतंय?”

“तीस वर्षं कालव्यावर कोण होतं, मी?” निशी हसला आणि बूट घालायला गेला.

सुवर्णा, माझी सून, डबा भरत होती. तिनं मान वर केली नाही. सकाळची घाई असेल असं मला वाटलं.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सहासष्ट वर्षांचा होतो. पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो होतो, कोपरगावात एकटा राहत होतो. बायको, द्वारका, जाऊन चोवीस वर्षं झालेली. निशीकांत हा एकुलता एक मुलगा, इंग्लंडात स्टॅफर्ड नावाच्या गावात इंजिनियर. सुवर्णा तिथल्या इस्पितळात नर्स. एप्रिलमध्ये त्यांनी मला सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं आणि आल्याच्या तिसऱ्या दिवशी निशीनं कागद पुढे केले. आता कायमचं इथंच राहायचं, बाबा, फक्त सही करा.

मी सही केली नव्हती आणि नाहीही म्हटलं नव्हतं. कागद स्वयंपाकघरातल्या खणात पडून होते. बोटीचं निघालं आणि मला वाटलं, ही परीक्षा चांगली आहे. पुस्तिकेत लिहिलं होतं की बोट जेमतेम सात फूट रुंद असते. सात फुटांत सात दिवस तिघं राहिलो आणि कुणाला माझी अडचण झाली नाही, तर उरलेलं आयुष्यही निघेल. त्याच रात्री जेवताना मी सांगून टाकलं, “बोटीवरून आलो की सही करतो.”

“हरकत नाही,” निशी म्हणाला आणि ताटाकडे बघू लागला.

खरं सांगायचं तर ते काम मिळालं नसतं तर मी त्या घरात वेडा झालो असतो. साडेसातला दोघंही बाहेर पडत. मग संध्याकाळपर्यंत फ्रिजचा आवाज आणि मी. गल्लीत माणूस म्हणून दिसायचा तो पोस्टमन. मी खिडकीत इतका नेमानं उभा असायचो की तो लांबूनच हात करायचा, आणि ज्या दिवशी त्याची सुट्टी असे त्या दिवशी मला चुकल्याचुकल्यासारखं होई. नोकरीत असताना शेतकरी दारात येऊन मला शिव्या घालायचे, पाणी का सोडलं नाही म्हणून. त्या शिव्याही मला तिथं आठवायच्या. निदान माझं नाव घेऊन दिलेल्या असायच्या.

मी कामाला लागलो. वाचनालयातून नकाशे आणले. जाड कागदाचे ताव एकापुढे एक चिकटवून आठ फुटी पट्टी केली आणि खात्यात करायचो तसा त्यावर कालव्याचा आराखडा काढला. खाली मैल, वर चढउतार, मध्ये पूल, लॉक, बोगदे. लॉक म्हणजे कालव्यातला दोन्ही टोकांना दरवाजे असलेला अरुंद हौद. बोट आत घेऊन दरवाजे लावतात, पाणी भरतात किंवा सोडतात, आणि बोट वर चढते किंवा खाली उतरते. प्रेक्षणीय ठिकाणं मी हिरव्या शाईनं मांडली. सुवर्णासाठी चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना, निशीसाठी दीड मैलाचा जुना बोगदा, आणि पहिल्याच मुक्कामाला कालव्याकाठचा एक मोठा उमरावी वाडा.

पहिला मार्ग मी भलताच भारी आखला. चार जिल्ह्यांतून फिरून जिथून निघायचं तिथंच परत यायचं, असं कालव्यांचं पूर्ण वर्तुळ. रोज सहा तास प्रवास, बाकी वेळ हिंडायला. हिशेब चोख होता. एकच गोष्ट डोक्यात बसत नव्हती. या कालव्याचं हेड कुठं आहे? आमच्याकडे कालवा धरणातून निघतो, ते हेड. तिथून पाणी वाहत वाहत शेवटच्या शेतापर्यंत जातं, ते टेल. नकाशात मला ना हेड सापडेना, ना टेल. शेवटी मी प्रत्यक्ष पाहायला निघालो.

घरापासून वीस मिनिटांवर कालवा होता. लॉकजवळच्या बाकावर एक म्हातारा इंग्रज बसायचा, नॉर्मन. स्वतःच्या जुन्या बोटीवर एकटाच राहायचा. माझं इंग्रजी कचेरीतल्या टिप्पण्यांपुरतं, त्याचं तोंडातल्या तोंडात, तरी जमलं.

मी विचारलं, “इथं पाण्याचा वेग किती?”

“कुठल्या पाण्याचा?”

“या कालव्याच्या.”

त्यानं पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ते कुठं जाणार आहे?”

“पण सोडतात कधी? पाण्याची पाळी कितव्या दिवशी असते?”

“कुणाला सोडतात?”

मग मी त्याला माझी वही दाखवली. त्यात मी पाण्याबरोबर जाताना ताशी दीड मैल जास्त धरले होते. वर्तुळात कुठं ना कुठं पाण्याच्या उलट जावं लागणार हे मला कळत होतं, पण तो भाग हेड सापडल्यावर बघू म्हणून सोडला होता. नॉर्मननं सगळं वाचलं. हसला नाही, हे त्याचे उपकार.

“मिस्टर खैरनार,” तो म्हणाला, “हे पाणी इथंच राहतं. वाहत नाही. हलते ती बोट.”

तीस वर्षं ज्या माणसानं वाहत्या पाण्याचा हिशेब ठेवला, त्याला हे कळायला परक्या गावात यावं लागलं. मी स्वतःशीच हसत सुटलो आणि मग नॉर्मनही हसला. त्यानं मला इथली रीत शिकवली. जितके मैल असतील त्यांत वाटेतल्या लॉकची संख्या मिळवायची, तिनानं भागायचं, आले ते तास. मी तिथंच बाकावर बसून भागाकार केला. वर्तुळाला रोज दहा तास लागत होते.

“पहाटे दूधवाल्याच्या आधी उठाल,” नॉर्मन म्हणाला, “आणि सात दिवस लॉकच्या भिंतींशिवाय काही बघणार नाही. बरोबर घरची माणसं आहेत ना? मग अर्ध्या वाटेवरून परत फिरा. तेच कालवे, तेच पूल. उलट बाजूनं वेगळे दिसतात.”

त्यानं विचारलं होतं, घरची माणसं आहेत ना, आणि मी छाती काढून हो म्हटलं होतं.

मी सगळी पट्टी नव्यानं काढली. जून महिना त्यात गेला. संध्याकाळी निशी दारातून आत येतानाच विचारायचा, “काय साहेब, आज कुठपर्यंत पोचलो?” मग मी टेबलावर पट्टी पसरायचो. तिसऱ्या दिवशी दुपारी बोगदा, बरं का. आत पाणी गंजाच्या रंगाचं असतं, लोखंडाची माती आहे म्हणे. एका वेळी एकाच बाजूच्या बोटी सोडतात. तो टायही न सोडता बसायचा आणि ऐकायचा. “वा बाबा, मानलं तुम्हाला.” त्याच्या शाळेच्या दिवसांत मी कधी इतका वेळ त्याच्याजवळ बसलो नव्हतो. त्या संध्याकाळी मला फार सुखाच्या वाटायच्या. सुवर्णा मात्र पट्टी उघडली की उठून भांडी घासायला जायची. तिला यात रस नसेल, असं मी धरून चाललो.

जुलैच्या सुरुवातीला मी बोटी भाड्यानं देणाऱ्या धक्क्यावर गेलो. कुणाला न सांगता, बसनं. पुस्तिकेवर पत्ता होताच. मला दोन गोष्टी पाहायच्या होत्या. आतल्या ओट्यावर पोळपाट मावतो का, कारण मी सुवर्णाच्या पोळपाटाचं माप सुतळीवर घेतलं होतं. आणि पलंग किती लांब आहे, कारण निशी सहा फुटी.

कचेरीत साठीच्या आसपासची एक बाई होती, जाड चष्म्याची. मी पट्टी उलगडायला लागलो तशी तिनं टेबलावरचं सामान बाजूला केलं, तरी दोन फूट खाली लोंबत राहिली. चष्मा वर करून ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचत गेली.

“हे तुम्ही केलंत? हातानं?”

“हो.”

“इतक्या वर्षांत इतकं काम करून कुणी आलं नाही इथं.”

तिनं मला स्वतः बोटीवर नेलं. ओट्यावर सुतळी लावली, पोळपाट मावत होता, बोटभर जागा उरत होती. मागची खोली निशी-सुवर्णाला, पुढचा बाकाचा पलंग मला, हे मी मनाशी ठरवून टाकलं. पुढच्या खिडकीतून पाणी अगदी उशाशी येत होतं. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून मी चहा ठेवीन, असंही ठरवलं.

परत आल्यावर तिनं जाडजूड वही काढली. “कुठल्या नावावर आहे?”

“खैरनार.” मी एकेक अक्षर सांगितलं.

तिनं पान पाहिलं, मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं. मग मी निशीचं पूर्ण नाव सांगितलं, सुवर्णाचं माहेरचंही सांगितलं.

“ऑगस्टचा पहिला आठवडा? तो तर फेब्रुवारीतच भरला.” माझा चेहरा पाहून ती घाईघाईनं म्हणाली, “थांबा, दुसरीकडे घेतली असेल.” तिनं फोन उचलला. आसपासच्या तीन धक्क्यांवर विचारलं. तिसरा फोन ठेवल्यावर तिनं माझ्यासाठी चहा केला आणि न विचारता दोन चमचे साखर घातली.

मी घरी आलो तेव्हा सुवर्णा सकाळची पाळी करून आली होती, भाजी निवडत होती. माझ्या काखेतली पट्टीची गुंडाळी तिनं पाहिली.

“कुठं गेला होतात, बाबा?”

“धक्क्यावर. पोळपाट मावतो.”

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“सुवर्णा, बोट कुणाच्या नावावर आहे?”

तिनं शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, “घेतलेलीच नाही, बाबा. ऑगस्टमध्ये निशीला रजा नाही. मलाही नाही. त्याला हे मे महिन्यातच माहीत होतं.”

“मग?”

“तुम्ही दिवसभर खिडकीत उभे असता. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, तुमचे सासरे बरे आहेत ना म्हणून. निशीला ते फार लागलं. तुमचा वेळ जावा, मन रमावं, म्हणून त्यानं... मी त्याला म्हटलं होतं, हे बरोबर नाही. कळलं तर काय वाटेल त्यांना? तर म्हणाला, बाबांनीच आईसाठी असं केलं होतं. तिचे शेवटचे महिने त्यामुळेच चांगले गेले.”

मी खुर्चीवर बसलो.

होतं खरं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, उन्हाळा निघणार नाही. द्वारका अंथरुणात पडून आढ्याकडे बघत असायची. मी रेल्वेचं वेळापत्रक आणलं, शंभर पानी वही आणली आणि म्हटलं, मार्चमध्ये आपण ओरिसाला जाऊ. पुरी, कोणार्क, चिल्का सरोवर. कुठं उतरायचं, कुठं राहायचं, सगळं तू ठरव. तिला हुरूप आला. उशीला टेकून बसायची, गाड्या जुळवायची. एकदा तिनं विचारलं, “अहो, आरक्षण केलंत ना?” मी म्हटलं, “केलं की.” मला स्वतःचा अभिमान वाटायचा. आयुष्यात तिला फार काही देता आलं नाही, शेवटी निदान एवढं दिलं, असं मी चोवीस वर्षं मानत आलो होतो.

“मी निशीला विचारलं,” सुवर्णा सांगत होती, “आईंना कधी कळलं नाही का? तर म्हणाला, कळलं होतं ना. त्यांनी निशीलाच मनमाडला पाठवलं होतं, स्टेशनवर जाऊन आपली नावं आहेत का बघून ये म्हणून. चौदा वर्षांचा होता तो. खिडकीवरच्या माणसानं सगळं रजिस्टर पाहून दिलं. नावं नव्हती. यानं घरी येऊन सांगितलं, तर आई म्हणाल्या, बाबांना काही बोलू नकोस.”

स्वयंपाकघरात फ्रिजचा आवाज तेवढा येत होता.

“त्यानंतरही त्या रोज वही काढायच्या म्हणे. दिवसभर मिटलेली असायची. संध्याकाळी तुमची सायकल दारात वाजली की निशीला म्हणायच्या, वही दे. म्हणून निशीला वाटतं, आईंना खरंच आवडत होतं ते.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “तुम्हाला नंतर कळलंच असेल ना, बाबा?”

“हो,” मी म्हटलं. “कळलं होतं.”

आयुष्यात मी वरिष्ठांशी पुष्कळ खोटं बोललो आहे. हे खोटं सगळ्यांत जड गेलं. मी उठून न्हाणीघरात गेलो, नळ सोडला आणि पोटभर रडलो. बोटीसाठी नाही. माझी वाट पाहत, सायकलच्या आवाजाकडे कान लावून पडलेली द्वारका मला दिसत होती. दिवसभर तिच्यापाशी कुणी नव्हतं, आणि संध्याकाळी जो यायचा त्याला खूश ठेवायचं कामही तिलाच करायचं होतं.

बाहेर आल्यावर मी सुवर्णाला सांगितलं, “मी धक्क्यावर गेलो होतो हे निशीला सांगू नकोस.”

“पण बाबा...”

“नको.”

साडेसहाला दारात किल्ली फिरली. “काय साहेब, आज कुठपर्यंत पोचलो?”

मी पट्टी उलगडली. चौथ्या दिवसाचा मुक्काम सांगितला. कारखान्यात भांडी कशी करतात ते वाचलेलं सांगितलं. निशी टाय न सोडता ऐकत होता. तो दमलेला होता. डोळे मिटत होते आणि तो ते मुद्दाम उघडे ठेवत होता. महिनाभर मी त्याच्या समोर बसत होतो, पण हे मला त्या दिवशी दिसलं.

मी अकरा दिवस तसं करून पाहिलं. रोज एखादं नवं ठिकाण काढायचं, रोज थोडा बदल, एखादा पूल, एखादं देऊळ म्हणजे चर्च. द्वारकेनं ते दोन महिने केलं होतं, तापात. मला बाराव्या दिवशी जमेना.

त्या संध्याकाळी निशी आला तेव्हा मी पट्टी काढली नाही. “निशी, यंदा बोट राहू दे,” मी म्हटलं. “सात दिवस त्या अरुंद पलंगावर माझ्या कंबरेला सोसायचं नाही. आणि ते कागदही राहू दे. मला आता कोपरगावला जावंसं वाटतंय.”

कागदांवरून तो खूप भांडला. काय कमी पडलं, कोण काय बोललं, तिकडे एकटे कसे राहाल. बोलता बोलता त्यानं खणातून कागद काढून पुन्हा माझ्यापुढे ठेवले, आणि त्यात तिळभरही खोटं नव्हतं. माझा मुलगा माझ्यावर प्रेम करतो, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. सुवर्णा आमच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी होती. मी ऑक्टोबरमध्ये परत आलो आणि तेव्हापासून इथंच एकटा आहे. रविवारी त्याचा फोन येतो.

पण बोटीवरून तो एक शब्दही भांडला नाही. मी ‘राहू दे’ म्हटल्याबरोबर त्याचे खांदे सैल झाले, चेहरा मोकळा झाला, आणि तो टाय सोडू लागला. मी तो चेहरा नीट बघून घेतला. एका संध्याकाळी द्वारका वही मिटून म्हणाली होती, “अहो, यंदा ओरिसा राहू दे, तिकडे ऊन फार असेल.” तेव्हा तिच्यासमोर माझा चेहरा असाच झाला असणार.

“पुढच्या वर्षी नक्की जाऊ, बाबा,” निशी म्हणाला.

मीही तिला हेच म्हटलं होतं. ती “हो” म्हणाली होती.

मी “हो” म्हटलं.